उसनवारीचा खेळाडू आपोआप कायम होत नाही

सांगली-मिरजेच्या फुटबॉलप्रेमींमध्ये वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश असा, की लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबकडून उसना आलेला खेळाडू हंगामभर चांगला खेळला, तर त्याला कायम ठेवण्याचा पहिला हक्क त्या क्लबलाच मिळतो. हा समज होणे स्वाभाविक आहे. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व आणि कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली तो 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन ज्या कृष्णाकाठाने अनुभवला, तिथे वापरणाऱ्याचा हक्क पटकन पटतो. फुटबॉलमध्ये मात्र कूळ कायदा नाही.

लोनच्या काळात खेळाडूची नोंदणी तात्पुरती दुसऱ्या क्लबकडे जाते, मूळ क्लबशी असलेला करार टिकून राहतो आणि मुदत संपताच खेळाडू परत जातो. कायम घेण्याचा मार्ग करारातच लिहिलेला असावा लागतो. खरेदीचा पर्याय असेल, तर ठरलेल्या रकमेत घ्यायचे की नाही हे नवा क्लब ठरवतो. खरेदीची सक्ती असेल, तर खेळाडूने ठरावीक सामने खेळणे किंवा क्लबने वरच्या श्रेणीत टिकणे अशी अट पूर्ण होताच पैसे मोजावेच लागतात. दोन्ही नसतील, तर वाटाघाट शून्यापासून, आणि पगारासह नव्या करारावर खेळाडूची सही हवीच, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

पडताळणी सोपी आहे: लोन जाहीर झाल्याच्या दिवशीचे दोन्ही क्लबांचे निवेदन काढावे. त्यात केवळ 'हंगाम संपेपर्यंत' एवढेच असेल आणि खरेदीचा उल्लेख कुठेच नसेल, तर हक्काचा दावा करणाऱ्याकडे कराराचा आधार मागावा.