टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगमधले हाफटोन

एकाच शाईतून फिकट-गडद छटा दिसाव्यात म्हणून चित्राचे बारीक बारीक ठिपके करतात, त्याला हाफटोन म्हणतात. स्क्रीनच्या, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या बारीक कापडाच्या, जाळीतून शाई एकतर खाली उतरते नाहीतर उतरत नाही, मधलं काही नसतं, म्हणून काळ्या शाईतून करडा रंग हवा असेल तर ठिपके लहान करायचे आणि मधून कापड दिसू द्यायचं, चार पावलं लांबून डोळा ते आपोआप एकत्र करून बघतो. कल्पना जुनी आहे, १८५० च्या दशकात फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक असलेल्या टॅल्बटने यासाठी जाळीदार कापडच वापरून बघितलं होतं, आणि ४ मार्च १८८० ला न्यूयॉर्कच्या डेली ग्राफिक या वर्तमानपत्रात हाफटोनने फोटो छापून आला.

कागदावर आणि टी-शर्टवर मात्र फार मोठा फरक पडतो. ठिपके किती बारीक ते एलपीआयमध्ये मोजतात, म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी. चांगल्या मासिकात १३३ किंवा १५० असतात, टी-शर्टला साधारण ४५ ते ५५ पुरतात. याचं कारण जाळी. ४५ एलपीआयला ५ टक्के छटेचा, म्हणजे शंभरातली पाचच भाग जागा शाईने भरणारा, ठिपका जेमतेम ०.१४ मिलिमीटरचा होतो, आणि ११० मेशच्या, म्हणजे इंचाला ११० धागे असलेल्या, जाळीत दोन धाग्यांमधलं भोकच साधारण तेवढं असतं, मग ठिपका नेमका धाग्यावर आला की छापलाच जात नाही आणि छान विरत जाणारी कड मध्येच तुटल्यासारखी दिसते. म्हणून एलपीआयच्या चार ते पाच पट मेश घ्यायचा असा ठोकताळा आहे, ४५ ला २३० मेश बरोबर बसतो.

दुसरी कटकट मोआरेची. ठिपक्यांच्या ओळी आणि जाळीचे धागे एकमेकांशी जवळजवळ समांतर आले की नको असलेली लाटांसारखी नक्षी उमटते, ती टाळायला एका रंगाच्या कामात बरेच जण २२.५ अंशाचा कोन ठेवतात. फिल्म, म्हणजे डिझाईन छापलेला पारदर्शक कागद, जाळीवर ठेवून उजेडात धरली तर ही नक्षी एक्सपोजरच्या, म्हणजे प्रकाशाने डिझाईन जाळीवर उतरवण्याच्या, आधीच दिसते, दोन मिनिटांचं काम आहे, ते कधीच टाळू नये.

ठिपक्याच्या आकारालाही महत्त्व आहे. गोल ठिपके ७८ टक्क्यांच्या आसपास चारही बाजूंनी एकदम चिकटतात आणि तिथे छटा झटकन गडद होते, लंबगोल ठिपके आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने जुळतात त्यामुळे चेहरा, ढग, धूर असल्या गोष्टी मऊ येतात. माझ्या मते फोटोच्या कामाला लंबगोलच घ्यावा.

त्यात शाई कापडावर पसरतेच, याला डॉट गेन म्हणतात. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ५० टक्के दिसणारी छटा शर्टवर सहज ६५-७० सारखी दिसू शकते, म्हणून मधल्या छटा आधीच फिकट करून ठेवायच्या, आणि ३-४ टक्क्यांच्या खालचे ठिपके टिकतील अशी आशा धरायची नाही. कॉम्प्युटरवर फाईल सुंदर दिसते म्हणून तशीच पाठवली की इथेच घात होतो.

हाफटोनची खरी मजा मात्र शर्टच्या रंगात आहे. काळ्या शर्टवर सावली छापायचीच नाही, तिथे ठिपके विरत जाऊ द्यायचे आणि कापडालाच काळा रंग होऊ द्यायचं, यात एक स्क्रीन वाचते, शाई कमी लागते आणि छातीवर प्लास्टिकचा जाड पत्रा चिकटवल्यासारखं वाटत नाही. गडद कापडावर रंग उठून दिसायला खाली पांढऱ्या शाईचा थर, म्हणजे अंडरबेस लागतो, तोही हाफटोनमध्येच करावा आणि त्याच्या कडा किंचित आत ओढून घ्याव्यात, नाहीतर वरच्या रंगाच्या कडेने पांढरे ठिपके डोकावतात.

आणि डिझाईन आधी छापायच्या मापाला, ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० बिंदू) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या करड्या छटांमध्ये, पक्कं करून घ्यायचं, ठिपके अगदी शेवटी करायचे. एकदा ठिपके झाल्यावर फाईल लहान-मोठी केली तर त्यांच्या कडा फाटतात, एलपीआय बदलतो आणि मेशचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं.