खुलासा : ‘मुलांना कोरोना होत नाही, मग शिक्षकांना कसली भीती?’

कोरोनाकाळात शाळा बंद ठेवाव्यात की नाही, या वादात हे वाक्य हमखास ऐकू यायचं, आजही येतं. त्यात खरं इतकंच, की मुलांमध्ये आजार सहसा सौम्य राहिला. पण लागण त्यांनाही होते आणि त्यांच्याकडून इतरांना पसरतेही.

मे २०२० मध्ये जेरुसलेममधली एक शाळा पूर्ण क्षमतेने सुरू झाली. लगेच उष्णतेची लाट आली, म्हणून तीन दिवस मास्कची सक्ती उठवली. वर्ग गच्च भरलेले, एसी अखंड चालू. त्यानंतर १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले.

शिक्षक प्रौढ असतात. कुणी पन्नाशीपुढचे, कुणाला मधुमेह. दिवसभर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, मोठ्याने बोलत. त्यांच्या काळजीला कामचुकारपणा म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे.

म्हणून शाळा बंदच ठेवा, असं मुळीच नाही. बंद शाळांमुळे मुलांचं शिक्षण मागे पडलं, गरीब घरांतल्या मुलांचं सर्वांत जास्त. विषाणू हवेतून पसरतो. त्यामुळे बाकं पुसत बसण्यापेक्षा उघड्या खिडक्या, मास्क, लस आणि आजारी शिक्षकाला पगारी रजा यांचा उपयोग कितीतरी अधिक.