कोतवाल बुकातले मयत

2023 च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्याच्या अभिलेख कक्षांत धूळ खात पडलेली एक जुनी वही एकदम घराघरात बोलली जाऊ लागली. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचे रजिस्टर. विदर्भात तिला सरळ ‘कोतवाल बुक’ म्हणतात, कारण तिथे ती कोतवालाकडे, म्हणजे गावच्या चौकीदाराकडे असे. कुणबी नोंद शोधणारे लोक तिच्यात जातीचा रकाना बघतात, पण ती वही जात सांगायला लिहिलीच नव्हती. गावात कोण कधी कशाने मेले याची मोजदाद सरकारला हवी होती, तेवढ्यासाठी ती होती. (आजच्या गावच्या महसूल दप्तरात नमुना 14 पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे. अर्जात नुसता ‘नमुना 14’ लिहिला तर विहिरींची यादी हातात पडू शकते. ‘जन्म-मृत्यू नोंद’ हे शब्द लिहायलाच हवेत.)

इंग्रजी अमलाच्या आधी गावात मरणाची वेगळी नोंद नव्हती. मेलेल्या माणसाचे नाव कागदावर यायचे ते वतनाच्या भांडणात. पाटीलकी कोणाची यावर महजर, म्हणजे गावसभेचा लेखी निवाडा होई, त्यात ‘त्याचा बाप अमुक, तो लढाईत पडला, त्याचा भाऊ निपुत्रिक वारला’ अशी वंशावळ उतरे. 1852 च्या इनाम कमिशनसमोर वतनदारांनी दिलेल्या कैफियतींतही तेच. ज्याला वतन नाही त्याचे मरण कागदावर येण्याचे कारणच नव्हते. दगडावर यायचे तेही ठरावीकांचे. वेशीबाहेरच्या वीरगळीवर खालच्या टप्प्यात गाई आणि झुंज, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात. बहुतेकांवर अक्षर नाही, म्हणून वीर कोणता हे गावही विसरले आणि दगडाला शेंदूर लागला.

प्लेग येण्याच्या बरेच आधी, 1860 च्या दशकात, मुंबई इलाख्यात आरोग्य खात्याने मृत्यूंचे आकडे मागायला सुरुवात केली. पुढे 1886 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला, पण तो ऐच्छिक होता; खेड्यापाड्यातली नोंद चालली ती गावकामगारांच्या जिवावर. 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाकडे गावातल्या संशयास्पद मरणाची चौकशीही आली. पंच बोलवायचे, प्रेत बघायचे, वर कळवायचे. साध्या मरणाची नोंदही त्याच्याच दप्तरात. पाटलाला लिहिता येत नसले तर कुलकर्णी लिही. मध्य प्रांतातल्या विदर्भात पद्धत निराळी होती. तिथे कोतवाल स्वतः वही घेऊन ठराविक दिवशी ठाण्यावर जाई आणि मुन्शी तिच्यावरून उतरवून घेई. कोतवालाला अक्षरओळख नसली तर गावातल्या कोणाकडून तरी आधी लिहून घ्यायचे, नाहीतर मयत लक्षात ठेवून ठाण्यावर तोंडी सांगायचे. मधल्या आठ-पंधरा दिवसांत एखादे नाव गळे, तारीख सरके. म्हणून अशा नोंदीतली तारीख मरणाची की लिहिल्याची, हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावा लागतो. एकाच तारखेला चार-पाच असंबंधित मयत दिसले आणि साथीचे वर्ष नसले, तर ती बहुधा लिहिल्याची तारीख.

खबर आणणारा माणूस मात्र दोन्हीकडे बहुधा एकच होता. मयताची खबर परगावच्या सोयऱ्यांना पोचवणे हे वतनदार महारांच्या माथी मारलेल्या कामांपैकी एक. पाऊस असो, रात्र असो, आठ-दहा कोस चालत जायचे, वेशीत उभे राहून सांगायचे आणि तसेच परत फिरायचे. मोबदला बलुत्याच्या धान्यात, तोही देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच बिनपगारी राबणुकीविरुद्ध. ही कनिष्ठ वतने 1 ऑगस्ट 1959 पासून रद्द झाली. म्हणजे गावातल्या प्रत्येकाच्या मरणाची पहिली नोंद ज्याच्या पायांनी झाली, तो दप्तरात मात्र जातीच्या रकान्यापुरता.

टपाल आल्यावर खबर पोस्टकार्डावरही जाऊ लागली. 1879 च्या जुलैत कार्ड निघाले, किंमत पाव आणा. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे हातात पडताच कळावे. असे कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचे आणि तिथेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही. जुन्या घरांच्या पेट्यांत लग्नपत्रिका सापडतात, जमिनीची खते सापडतात, पण मयताचे कार्ड जवळजवळ कधीच सापडत नाही त्याचे कारण हे. मरणाचा कागद जपणे घराला नकोच होते.

रजिस्टरातली एक ओळ कशी असते ते पाहू. अनुक्रम, तारीख, मयताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, स्त्री की पुरुष, वय, जात, धंदा, रोग. रकान्यांचा क्रम जिल्ह्यागणिक आणि वर्षागणिक बदलतो, म्हणून आधी वरचे मथळे वाचावेत. आडनाव बहुधा नाहीच. ‘बिन’ आणि ‘वल्द’ म्हणजे मुलगा, ‘कोम’, ‘जोजे’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे बायको. ‘रामा वल्द कोंडी’ आणि ‘भागी कोम रामा’ एवढेच असते, आणि एका गावात चार रामा असतात. बापाच्या नावाची साखळी जुळवल्याशिवाय कोणताही रामा आपला मानू नये. ‘कु.’ हे अक्षर जातीच्या रकान्यात आहे की नावाच्या आधी, हेही पाहावे. नावाआधी ते कुमारी असू शकते.

लिपी बहुधा मोडी. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि तिला अक्षरे टांगत जायची, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. धावत्या हातात दोन नावांची सरमिसळ होते. अनुभवी वाचक एकटी ओळ वाचत नाहीत. त्याच लेखनिकाची आधीची आठ-दहा पाने चाळून त्याचा ‘र’ आणि ‘व’ कसा वळतो ते पकडतात, मगच हव्या ओळीवर येतात.

साल हा दुसरा खड्डा. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन 79. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या कागदांवर फसली, म्हणजे महसुली साल आणि आजूर, दै, बहमन असे महिने, लिपी उर्दू. तिथे आजूर 6 ऑक्टोबरला लागतो, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर 590 आणि जानेवारीपासून 591. फसली 1357 च्या आबानमध्ये हैदराबादवर पोलीस कारवाई झाली, म्हणजे सप्टेंबर 1948. हा एक हिशेब पाठ असला की बाकीचे जमतात.

रोगाच्या रकान्यावर फार विसंबू नये. वरून आलेले वर्ग मोजके: पटकी (कॉलरा), देवी, ताप, हगवण-आंव, अपघात, इतर, प्लेग आल्यावर त्याचा एक. लिहिणारा वैद्य नव्हे. गावात माणसाला ‘पान लागले’ तर कागदावर सर्पदंश, पटकीचा वाखा आला तर ओळखायला सोपा, अंगावर देवी आल्या तरी सोपे. बाकी सगळे तापात. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, क्षयाचा शेवट, सगळ्यांवर ‘ताप’. 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, याच रकान्यात बुडाली. जूनमध्ये ती मुंबईत उतरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, शके 1840 च्या भाद्रपद-आश्विनात, खेड्यांत शिरली. देशभरातल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. अंदाज एवढे ढिले असण्याचे एक कारण हे की मोजणारेच आजारी होते. पाटील अंथरुणावर, कोतवाल अंथरुणावर, प्रेते उचलायला चार माणसे नाहीत. त्या दोन महिन्यांची पाने एक तर गच्च भरलेली, ओळीखाली ओळ ‘ताप, ताप, सदर, सदर’, नाहीतर सलग कोरी. कोरे पान दिसले म्हणून गाव वाचले असे समजू नये.

वयेही ठोकळ. 40, 50, 60 यांची गर्दी आणि 43, 57 जवळपास नाहीतच, कारण जन्मसाल कोणालाच ठाऊक नसे. वयावरून जन्मनोंद शोधायची तर मागेपुढे दहा वर्षे चाळावी लागतात.

नोंद सापडतच नाही तेव्हा बहुतेकदा गाव चुकलेले असते. पहिलटकरीण माहेरी जाते, तिथे दगावली तर तिची नोंद माहेरच्या गावात, तीही बापाच्या नावाने असू शकते. वारीला गेलेला माणूस पटकीने वाटेत गेला तर ज्या गावच्या हद्दीत पडला तिथे, तेही नाव कळले तर. गिरणीत कामाला गेलेला मुंबईच्या महापालिकेच्या दप्तरात. शिवाय तालुके मोडले, नवे झाले. अर्ज करताना त्या सालचा तालुका द्यावा लागतो, आजचा नव्हे. एवढे करून वही मिळाली तर वाळवी, आणि फाटक्या पानांवर कोणीतरी भल्या हेतूने लावलेली चिकटपट्टी, जी पिवळी पडून शाईसकट निघते.

सरकारी वहीच्या बाजूला दुसऱ्या वह्या चालू होत्या, त्या सहसा सरकारला दिसल्या नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. श्राद्धाला आलेल्या माणसाचे गाव आणि आडनाव विचारायचे, बाड काढायचे, आजा-पणजाने येऊन सांगितलेली नावे वाचून दाखवायची आणि खाली आजची भर घालून सही घ्यायची. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे हेळवी बैल घेऊन दारी येतो आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो. नव्या जन्माची नावे जोडून धान्य घेऊन जातो. या दोन्हींत आडनाव आणि कूळ मिळते, जे कोतवाल बुकात नाही. उलट मरणाची तारीख आणि कारण यांत क्वचित. शिवाय लेकी-सुनांची नावे पातळ. दोन्ही समोर ठेवून बापाच्या नावावर नाव जुळवणे हीच खरी पद्धत. गोव्यात ख्रिस्ती घरांचा प्रश्न वेगळा, कारण चर्चच्या दफन-नोंदी पिढ्यान् पिढ्या पाद्रीच लिहीत आला. तिथे गाव नव्हे, पॅरिश, म्हणजे त्या चर्चची हद्द, विचारावी लागते.

घरातली आठवण तीन पिढ्यांची. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांची नावे घ्यायची. त्यापलीकडचा पितरांच्या घोळक्यात. खानदेशात आखाजीला गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, तिथेही नाव घेतले जाते ते ओळखीच्या माणसांचे. तिथी लक्षात नाही अशांसाठी सर्वपित्री अमावास्या आहेच. तिथी विसरली जाणार हे शास्त्रानेही गृहीत धरले होते.

स्वातंत्र्यानंतर 1969 चा नोंदणी कायदा आला आणि खेड्यात निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे गेले. मरणाची खबर 21 दिवसांत द्यायची. वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. जुन्या मयताचा दाखला काढणारे इथेच अडतात. कोतवाल बुकात ओळ असेल तर तिची नक्कल हाच पुरावा. नसेल तर शाळेचा दाखला, वारसाचा फेरफार आणि जुना सातबारा जोडून प्रकरण करावे लागते. फेरफारातली ‘अमुक मयत, वारस अमुक’ ही ओळ अनेकदा मृत्यूच्या नोंदीपेक्षा जास्त विश्वासाची निघते, कारण तिच्यावर जमीन अवलंबून होती आणि भाऊबंदांनी ती तपासलेली असते.

ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांच्यासाठी मात्र ती एकच ओळ राहते, आणि तान्ह्यांसाठी तीही अर्धीच. बारशाच्या आत गेलेल्या मुलीची नोंद अशी असते: तारीख, बापाचे नाव, जात, ‘वय 4 दिवस’, ‘ताप’. नावाच्या रकान्यात आडवी रेघ.