पाचोऱ्याचा 'प' कुठे अडकतो?

जळगावहून पाचोऱ्याला निघालेला माणूस कंडक्टरकडे चाळीसगावचं तिकीट मागतो, जास्तीचे पैसे मोजतो आणि पाचोऱ्यालाच उतरतो. तो तोतरा आहे: त्याचा 'प' अडकतो, 'च' निघतो. एरवी शब्द बदलून वेळ मारून नेता येते. गावाचं नाव कसं बदलणार? म्हणून स्पीच थेरपिस्टला पहिल्या भेटीत नुसती अडखळणी मोजून भागत नाही. कोणते शब्द टाळता, घरी फोन कोण उचलतं, हेही विचारावं लागतं.

घरचे उपाय मात्र जिभेवरच: वेखंड उगाळून चाटवा, तोंडात गोटी धरून वाचा. जीभ बिचारी निर्दोष. हाच माणूस भजनात सगळ्यांबरोबर गाताना सहसा अडखळत नाही. फरक असतो तो मेंदूतल्या, बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेत. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. घरी अहिराणी आणि शाळेत मराठी, यामुळे कोणी तोतरं होत नाही.

आता त्या 'प'कडे नीट पाहू. ओठ मिटतात, मागे हवेचा दाब वाढतो, ओठ सुटतात आणि स्वरतंतू लगेच कंप पावतात. सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अडकलेला माणूस इथे जोर लावतो. ओठ आणखी घट्ट, मान ताठ, स्वरयंत्रही आवळलेलं. म्हणजे ज्या वाटेनं हवा यायची तीच बंद. ओढून आवळलेली गाठ आणखी ओढण्यातला प्रकार.

स्वतः तोतरे असलेले अमेरिकन तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी यावर शब्दाच्या आधी, मध्ये आणि नंतर करायचे तीन टप्पे बसवले, आणि ते उलट्या क्रमानं शिकवले जातात. आधी 'नंतर'चा: शब्द अडखळत का होईना पूर्ण करायचा, तीनेक सेकंद थांबायचं, मग ओठ हलकेच टेकवून तोच शब्द सावकाश पुन्हा म्हणायचा. तो जमला की 'मधला': अडकलेलं असतानाच मागे न जाता ओठांचा दाब कमी करत आवाज सोडायचा. शेवटी 'आधीचा': शब्द यायच्या आतच ओठ सैल. बिघडतं ते बहुधा त्या तीन सेकंदांत. समोरचा वाट पाहतोय म्हणून शब्द घाईनं उरकला जातो, आणि पक्की होते ती घाईच.

नवी कुठलीही युक्ती काही दिवस चालते. 'सात दिवसांत खात्रीशीर' वाल्यांचा धंदा त्यावरच उभा आहे.

लहान मुलांचं गणित वेगळं. सुमारे ५ टक्के मुलं कधी ना कधी तोतरी बोलतात, बहुतेक आपोआप सुटतात. पण घरात आणखी कोणी तोतरं असेल किंवा वर्ष उलटलं असेल, तर थांबू नये. लिडकोंब पद्धतीत आईवडील रोज १०-१५ मिनिटं मुलाशी बोलतात, सलग निघालेल्या वाक्याचं कौतुक करतात आणि दिवसभरातल्या अडखळण्याला ० ते ९ मध्ये गुण देतात (० म्हणजे अजिबात नाही). कौतुकाचा मारा केला की मूल वैतागतं. ते मोजकंच हवं.

मोठ्यांचा सराव शेवटी बसस्टँडवर जातो. तिथे आधी थेरपिस्टच कंडक्टरच्या डोळ्यांत बघून मुद्दाम अडखळते: "प-प-पाचोरा, दोन." मग पुढचं तिकीट त्यानं मागायचं.