नावापुढचं शून्य : ऑनलाइन रेटिंग आणि फिडे रेटिंग

माझ्या भाच्याला पहिल्यांदा फिडेच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या, रेटिंग स्पर्धेला घेऊन गेलो तो दिवस. कोथरूडमधलं मंगल कार्यालय, कमानीला आदल्या दिवशीच्या मुंजीचा सुकलेला झेंडू आणि हॉलभर टेबलं. भिंतीवर लावलेल्या यादीत तो आपलं नाव शोधत होता. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. शेवटच्या पानावर पार तळाशी सापडलं, आणि रेटिंगच्या रकान्यात ०.

"मामा, यांनी काहीतरी चूक केलीय. माझं सतराशे वीस आहे."

होतंच. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर, रॅपिड या जलद प्रकारात. पण चूक कुणाचीच नव्हती. मोबाइलवर बुद्धिबळ शिकलेला जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू या रकान्यापाशी येऊन अडखळतो. दोन्हीकडे शब्द एकच, रेटिंग. दोन्हीकडे चार आकडी संख्या. त्यामुळे या दोन गोष्टी एकच आहेत, निदान एकीवरून दुसरी काढता येते, असं वाटणं साहजिक आहे.

आपली पहिली अडचण सवयीची. आकडा दिसला की आपण तो दहावीच्या टक्क्यांसारखा वाचतो. टक्के शंभरापैकी असतात; रेटिंग कशापैकीच नसतं. पर्वतीचं उदाहरण घ्या. पर्वती किती उंच? समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० फूट. पण रोज सकाळी ती चढणारे लोक १०३ पायऱ्या चढतात, कारण खालचं पुणंच मुळात समुद्रापासून १८०० फुटांच्या वर वसलेलं आहे. 'किती उंच' हे सांगायच्या आधी 'कुठून मोजायचं' हे ठरवावं लागतं. ऑनलाइन रेटिंग आणि फिडे रेटिंग यांत मोजायची सुरुवातच वेगवेगळ्या जागेवरून होते.

रेटिंगची ही पद्धत बसवली अर्पाद एलो यांनी. जन्म हंगेरीतला, पुढे अमेरिकेत मिल्वॉकीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकी संघटनेनं त्यांची पद्धत १९६० मध्ये घेतली, फिडेनं १९७० मध्ये. तिचा गाभा एवढाच, की दोन खेळाडूंच्या आकड्यांतला फरक पुढच्या निकालाचा अंदाज सांगतो. दोनशेचा फरक असेल तर वरचा खेळाडू शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवेल. फरक सोडून आकड्याला स्वतःचा अर्थ नाही. उद्या जगातल्या प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये पाचशे मिळवले तरी कुणाचाही खेळ इंचभर सुधारणार नाही.

हे नुसतं तोंडी लावायला सांगत नाही. फिडेनं खरंच असं काहीसं केलं. १ मार्च २०२४ ला २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदम वाढलं. २००० ला जितके कमी पडतात त्याच्या ४० टक्के भर, असं सूत्र. १२०० वाला ३२० मिळवून १५२० झाला, १८०० वाल्याला ८० मिळाले. सगळ्यात खालची पायरी १००० वरून १४०० वर नेली. कारण असं, की झपाट्यानं सुधारणारी पण रेटिंग मागे राहिलेली मुलं मोठ्यांचे गुण खात होती आणि खालच्या भागातले आकडे वर्षानुवर्षं घसरत चालले होते. त्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एकांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला. कशाबद्दलचे ते विचारलं नाही.

आता ऑनलाइनकडे या. लीचेस ग्लिको-२ नावाची पद्धत वापरतं. तिचा मूळ कर्ता मार्क ग्लिकमन, संख्याशास्त्राचा माणूस. तिथं प्रत्येक जण १५०० पासून सुरू होतो, काल सोंगट्या ओळखायला शिकलेलासुद्धा. आकड्याशेजारी प्रश्नचिन्ह असतं. त्याचा अर्थ 'अजून आम्हाला तुझा नीट अंदाज नाही'. या काळात एका डावात आकडा शंभर-दीडशेनं उडतो, म्हणून प्रश्नचिन्ह असेपर्यंत तो कुणाला सांगूच नये. चेस डॉट कॉम हे दुसरं संकेतस्थळ सुरुवातीलाच विचारतं की तुम्हाला कितपत येतं, आणि उत्तराप्रमाणे सुरुवातीचा आकडा देतं. तिथं अगदी नवशिक्यांची गर्दीही प्रचंड. त्यामुळे आपल्यासारख्या हौशी माणसाचा लीचेसवरचा आकडा बहुधा चेस डॉट कॉमवरच्यापेक्षा मोठा असतो. माणूस तोच, संध्याकाळ तीच, फोनही तोच.

"मग लीचेसमधून किती वजा केले की फिडे येतं?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. त्याची कोष्टकं फिरत असतात. हजारो लोकांची सरासरी म्हणून ती ठीक असतील, पण तुमच्या एकट्यासाठी मला ती निरुपयोगी वाटतात. त्याचं कारण घड्याळात आहे.

ऑनलाइन बहुतेक लोक दहा मिनिटांचा डाव खेळतात, आणि दोन्ही ठिकाणी त्याला रॅपिड म्हणतात. फिडेच्या नियमात मात्र दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ब्लिट्झ. रॅपिड सुरू होतं दहाच्या वर आणि थांबतं साठच्या आत. म्हणजे माझा भाचा ज्याला आपलं रॅपिडचं रेटिंग म्हणत होता, ते फिडेच्या भाषेत ब्लिट्झचं होतं. आणि आम्ही गेलो होतो ती स्पर्धा यांपैकी कशातच बसत नव्हती. ती स्टँडर्ड होती, लोक ज्याला क्लासिकल म्हणतात ती. एका खेळाडूला साठ मिनिटं आणि प्रत्येक चालीला वर तीस सेकंद. एक डाव सहज अडीच-तीन तास चालतो. फिडेची रेटिंगही तीन वेगवेगळी असतात, स्टँडर्ड, रॅपिड आणि ब्लिट्झ, आणि एकातला गुण दुसऱ्यात जात नाही.

दहा मिनिटांत जिंकणारा आणि तीन तासांत जिंकणारा यांची कौशल्यं बरीच सारखी असतात, पण सगळी नाहीत. घाईत डोळ्यांना सवयीचा आकार दिसला की हात चालतो. तीन तासांत समोरचा माणूस पंचवीस मिनिटं पटाकडे बघत बसतो आणि मग तुमच्या आकारातलं भोक शोधून काढतो. मुलांना हे सोसत नाही. भाच्यानं पहिल्या फेरीत पहिल्या पंधरा चाली सहा मिनिटांत खेळल्या आणि मग तो छताचे पंखे मोजायला लागला.

समोर होते पंचाहत्तरीकडे झुकलेले एक काका, रेटिंग १५४०. स्विस लीगमध्ये, म्हणजे कुणी बाद न होता सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात अशा स्पर्धेत, पहिल्या फेरीला यादीतला वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, त्यामुळे शून्यवाल्याला बहुधा पहिलाच माणूस रेटिंगवाला मिळतो. डाव भाच्यानं चांगला खेळला. स्वतःचा वजीर पटावर असतानाच त्याचं दुसरं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. मोबाइलवर इथं आपोआप वजीर उगवतो. टेबलावर दुसरा वजीर नव्हता. त्यानं काकांच्या बाजूला पडलेला आपला हत्ती उचलला, उलटा ठेवला आणि घड्याळ दाबलं. काकांनी शांतपणे हात वर करून आर्बिटरना, म्हणजे स्पर्धेच्या पंचांना, बोलावलं. आर्बिटरचा निर्णय एका वाक्याचा होता: उलटा ठेवला तरी हत्ती तो हत्तीच. करायला हवं होतं ते असं, की घड्याळ थांबवायचं, आर्बिटरकडून वजीर मागून घ्यायचा, आणि मग चाल पूर्ण करायची. हत्तीनंही डाव जिंकता आला असता. पण कान लाल झालेल्या मुलानं चार चालींत काकांच्या राजाला असं कोंडलं की शहही नाही आणि चालही नाही. बरोबरी.

पटावरच्या बाकीच्या सवयी थोडक्यात. सोंगटीला हात लागला की तीच खेळायची. कॅसलिंग (राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल) करताना आधी राजा उचलायचा, तोही एकाच हातानं. ज्या हातानं चाल, त्याच हातानं घड्याळ. नियमबाह्य चाल मोबाइल होऊच देत नाही. इथं ती होते, पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि दुसऱ्या वेळी डाव जातो. तीच स्थिती तीनदा आली तर बरोबरी आपोआप मिळत नाही, मागावी लागते, आणि ती सिद्ध करायला चाली लिहिलेल्या लागतात. फोनबद्दल आयोजकांना आधीच विचारून घ्या. तो खिशात असणं हासुद्धा डाव गमावण्याचा मार्ग आहे.

त्या शून्याचं पुढे काय होतं, हे पालकांना सहसा कुणी नीट सांगत नाही. पहिलं फिडे रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या पाच जणांशी खेळलेले डाव लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही. पहिल्या स्पर्धेत भोपळा मिळाला तर ती धरत नाहीत. मग गंमत अशी, की तुमच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्यांत फिडे दोन काल्पनिक खेळाडू मिसळते. दोघांचं रेटिंग १८००, आणि दोघांशी तुमची बरोबरी झाली, म्हणजे अर्धा-अर्धा गुण मिळाला, असं मानतात. भाच्याचा हिशेब सांगतो. रेटिंगवाले पाच जण, सरासरी १५००, त्यांच्याविरुद्ध दोन गुण. काल्पनिक दोघे धरून सात प्रतिस्पर्धी, सरासरी १५८६, गुण तीन. सातांत तीन म्हणजे ४३ टक्के, आणि फिडेच्या तक्त्यात त्याला ५० वजा. हाती आलं १५३६.

लीचेसचे १७२० आणि फिडेचे १५३६ असे शेजारी ठेवून त्याची आई म्हणाली, "म्हणजे दोनशे कमीच झाले की." कमी काहीच झालं नव्हतं. एक आकडा लाखो अनोळखी लोकांत घाईच्या डावांवर निघाला होता, दुसरा पाच माणसं आणि दोन भुतं यांच्यावर.

दोन्ही आकडे हलतातही वेगळ्या चालीनं. ऑनलाइन स्थिरावल्यावर बरोबरीच्या माणसाशी हरलात तर सहा-आठ गुण जातात आणि पुढच्या दहा मिनिटांत परत मिळवता येतात. फिडेत एका डावानं रेटिंग किती हलेल हे एक गुणक ठरवतो; नव्या खेळाडूचा तो ४० असतो, पहिले तीस डाव होईपर्यंत. अठराच्या आतल्या मुलांना तो २३०० पर्यंत लागू राहतो. म्हणजे बरोबरीच्या माणसाशी एक हार वीस गुणांची. उलट दोनशेनं वरच्या माणसाला हरवलं तर तीस मिळतात, हरलात तर दहाच जातात. आणि नवा आकडा दिसतो पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. फिडे रेटिंग आधारकार्डावरच्या फोटोसारखं असतं: चेहरा तुमचाच, पण काढला तेव्हाचा. वाढत्या वयाच्या मुलाच्या १४५० रेटिंगला घाबरावं ते याच कारणासाठी.

आणखी एक घोटाळा जाता जाता. फिडेचं स्वतःचं ऑनलाइन अरेनाही आहे आणि त्यावर अरेना ग्रँडमास्टर असे किताब मिळतात. नाव भारदस्त आहे, पण ग्रँडमास्टर किताबाशी त्याचा संबंध नाही. खऱ्या ग्रँडमास्टरला पटावरचे २५०० आणि नॉर्म, म्हणजे स्पर्धांतली ठरलेल्या दर्जाची कामगिरी, लागतात. फ्लेक्सवर छापण्याआधी एकदा विचार करावा, एवढंच.

मग नव्यानं कशाकडे बघावं? माझं मत असं: ऑनलाइन आकडा स्वतःच्याच मागच्या तिमाहीशी ताडून बघायला उत्तम आहे, तोही एकाच संकेतस्थळावर आणि एकाच वेळेच्या प्रकारात. रात्री अकरानंतर सलग तीन हरलात तर त्या आकड्याला काडीची किंमत नाही; फोन ठेवा. समोरचा इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्रॅम, वापरत होता असा संशय आला तर तक्रार नोंदवा आणि विसरून जा, तो पकडला गेला तर गेलेले गुण परत जमाही होतात. आणि पटावर उतरायचं असेल तर महिनाभर आधी आठवड्यातून दोनदा तरी अर्ध्या तासाचे डाव खेळा, खरा पट मांडून, चाली वहीत लिहून. रेटिंग मिळाल्यावर पहिले तीस डाव आकड्याकडे बघू नका, असंही सांगणार होतो. पण मीच दर एक तारखेला बघतो.

ते काका आता भाच्याचे दोस्त झालेत. त्यांचा चेस डॉट कॉमवरचा ब्लिट्झचा आकडा ८९० आहे. तीन मिनिटांत त्यांचं बोट नेमकं शेजारच्या घरावर पडतं आणि वजीर जातो. रात्री जेवणानंतर दोघांचे पाच-सहा डाव होतात आणि काका बहुतेकदा घड्याळातली वेळ संपून हरतात. रविवारी सकाळी ते घरी येतात, पट मांडतात, चष्मा पुसतात आणि पहिल्या चालीआधी चहा मागतात. त्या टेबलावर भाच्याला अजून एकही डाव जिंकता आलेला नाही.