केसपेपरवर न मावणारे दुखणे

लिओ टॉलस्टॉय यांच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) या दीर्घकथेतला न्यायाधीश इव्हान कुशीतल्या दुखण्यासाठी नामांकित डॉक्टरांकडे जातो, तेव्हा हे दुखणे जिवावर बेतणारे आहे का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. डॉक्टरांपुढचा प्रश्न निराळाच असतो : मूत्रपिंड जागेवरून सरकले आहे, की आंत्रपुच्छात बिघाड आहे? आपण कोर्टात आरोपींशी जसे वागतो, तसेच हा आपल्याशी वागतो आहे, हे इव्हानला कळून चुकते. निदानाच्या चर्चेत रुग्णाचा प्रश्न कसा हरवतो, हे पाठ्यपुस्तकात इतक्या लख्खपणे क्वचितच दिसते, आणि म्हणूनच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ही कथा वाचायला दिली जाते.

बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी तपासणीच्या वेळची संभाषणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत, असे त्यांना १९८४ मध्ये आढळले. जी तक्रार आधी सांगितली जाते तीच सर्वांत महत्त्वाची असते असेही नाही, त्यामुळे मध्येच तोडलेले बोलणे निदानालाही महागात पडू शकते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रीटा शॅरन यांनी इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळवली आणि तिथली वाचनाची शिस्त वैद्यकशिक्षणात आणली. विद्यार्थी एखादा उतारा सावकाश वाचतात आणि कोण सांगते आहे, घटनांचा क्रम का बदलला, काय सांगायचे टाळले, हे शोधतात. ‘धाकट्याचं लग्न झाल्यापासून पोटात दुखतंय’ असे एखादी बाई ओपीडीत सांगते, तेव्हा केसपेपरवर ‘पोटदुखी, सहा महिने’ एवढेच उरते. वाचनाची सवय असलेला डॉक्टर त्या लग्नापाशी थांबून आणखी एक प्रश्न विचारण्याची शक्यता अधिक, असे मला वाटते. केसपेपरवर लिहिता न येणारे, पण कुठेतरी लिहायलाच हवे असे सारे साध्या भाषेत उतरवण्यासाठी शॅरन विद्यार्थ्यांना एक समांतर नोंदही ठेवायला लावतात.

कथा-कादंबऱ्या वाचल्याने माणूस आपोआप सहृदय होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. साहित्यिक कथा वाचल्यावर लगेच इतरांच्या भावना अधिक ओळखता येतात, असे २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले होते, पण नंतर इतरांनी ते प्रयोग करून पाहिले तेव्हा तो परिणाम आढळला नाही. एका बैठकीच्या वाचनाकडून तशी अपेक्षा धरणेच मला अवास्तव वाटते. बारकाईने वाचण्याचा सराव ही वर्षानुवर्षांची गोष्ट आहे.

भारतात २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ हा भाग आला आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी त्याच्या तासांत मराठी कथा जरूर वाचाव्यात, कारण इथल्या वॉर्डातले दुखणे बहुतेक वेळा मराठीतच सांगितले जाते.