‘ठ’ची किनार का बिघडली?

मराठी भाषा गौरव दिनाच्या पोस्टरवर आमच्या सोसायटीला ‘मराठी’ हा एकच शब्द ठसठशीत हवा होता. पिवळी अक्षरं, भोवती जाड निळी किनार. पोस्टर करणाऱ्या मुलाने झटपट उपाय शोधला. शब्दाची प्रत काढली, ती निळी केली, पाच टक्के मोठी केली आणि मागे सरकवून दिली. झालं काय, तर ‘म’ला डावीकडेच किनार, ‘ठी’ला उजवीकडेच, मधला ‘रा’ बाजूंनी जवळजवळ उघडा. आणि ‘ठ’च्या पोटात एक निळी चंद्रकोर उगवलेली.

हा गैरसमज फार जणांचा असतो: किनार म्हणजे मागे ठेवलेलं मोठं अक्षर. शब्द १००० पिक्सेल रुंद आणि २०० पिक्सेल उंच धरा. मध्यबिंदूपासून पाच टक्के वाढवला की दोन्ही टोकं २५ पिक्सेल बाहेर जातात, वरची-खालची कड मात्र ५ पिक्सेलच. मधोमध असलेला बिंदू हलतही नाही. शिवाय मोठ्या ‘ठ’ची पोकळीही मोठी होते. किनारीला हवं असतं नेमकं उलट: अक्षर बाहेरून फुगावं आणि पोकळी आतून आक्रसावी.

खरी किनार कशी होते ते समजायला एक रुपयाचं नाणं पुरे. पुठ्ठ्याचं अक्षर कापा आणि त्याच्या कडेला नाणं टेकवून सगळीकडून फिरवा. नाण्याचा मध्यबिंदू जी रेघ काढेल ती किनारीची बाहेरची हद्द. अक्षराच्या टोकदार कोपऱ्यावर नाणं टेकून वळतं, म्हणून तिथे मध्यबिंदू वर्तुळाचा तुकडा काढतो. दोन रेघांमधल्या खोबणीत मात्र नाणं अडकतं आणि तिथली हद्द टोकदारच राहते. फोटोशॉपमध्ये ‘स्ट्रोक’ (म्हणजे हीच किनार) बाहेरून दिला की कोपरे गोल होतात आणि आतून दिला की टोकदार राहतात, याची तक्रार करणाऱ्यांनी हे नाणं एकदा फिरवून पाहावं. ‘ठ’च्या पोकळीत नाणं मावलंच नाही, तर पोकळी बुजते. लहान टायपातला ‘ध’ असाच गुदमरतो.

आता संगणकाकडे नाणं नाही, पिक्सेलच्या चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीला एकच प्रश्न: अक्षर तुझ्यापासून किती लांब? २००० बाय १००० पिक्सेलच्या चित्रात २० लाख चौकटी. अक्षरांच्या कडेवर २० हजार पिक्सेल असतील आणि प्रत्येक जोडी मोजायची म्हटली, तर ४००० कोटी मोजमापं. किनारीची जाडी बदलायची पट्टी सरकवताना आपण एवढं थांबणार नाही.

इथली युक्ती मला मनापासून आवडते. १९६६ मध्ये रोझेनफेल्ड आणि फाल्ट्झ या संगणक-संशोधकांनी तिचा पाया घातला, १९८६ मध्ये गुनिला बोर्गेफोर्स यांनी ती सुधारली. अक्षरातल्या चौकटींना ० द्या, बाकी सगळ्यांना भलामोठा आकडा. मग पुस्तक वाचावं तसं वरून खाली, डावीकडून उजवीकडे चला. प्रत्येक चौकटीने आपल्या चार शेजाऱ्यांना (डावा आणि वरचे तीन) विचारायचं, ‘तुझा आकडा किती?’ सरळ शेजाऱ्याच्या आकड्यात ३ मिळवायचे, तिरप्याच्या आकड्यात ४. आपल्यापेक्षा लहान उत्तर आलं की ते घ्यायचं. पान संपलं की तळातून उलटं वर यायचं आणि उरलेल्या चौघांना विचारायचं. संपलं! शेवटी सगळ्याला ३ ने भागा.

३ आणि ४ का? तिरपं पाऊल सरळ पावलाच्या १.४१४ पट लांब असतं, आणि ४ भागिले ३ म्हणजे १.३३३. पूर्णांकांत काम भागतं. दोन घरं उजवीकडे आणि एक खाली असलेल्या चौकटीला ७, म्हणजे २.३३. खरं अंतर पाचाचं वर्गमूळ, २.२४. थोडी चूक आहे, गोलाई किंचित अष्टकोनी होते, पण खर्च बघा: चौकटीमागे आठ प्रश्न, एकूण १ कोटी ६० लाख. अचूक अंतर देणाऱ्या पद्धतीही नंतर आल्या.

अंतराचा हा नकाशा हातात आला की बाकी खेळ स्वस्त. १० पिक्सेलपर्यंत पांढरं, १० ते १६ निळं, झाली दुहेरी किनार. अंतराप्रमाणे रंग विरळ करत नेला की चमक. ऐन हद्दीवरच्या चौकटीला अर्धामुर्धा रंग दिला की पायऱ्या दिसत नाहीत. हल्ली काही ॲप्स यालाच ‘एआय टायटल इफेक्ट’ म्हणून पैसे मागतात. या किनारीत बुद्धिमत्ता आहे, पण ती १९६६ ची आणि माणसांची.

दुसरा रस्ता वक्ररेषांचा. फॉन्टमधली अक्षरं बेझिए वक्रांनी, म्हणजे मोजक्या बिंदूंवरून आकार ठरणाऱ्या वक्ररेषांनी, बांधलेली असतात. पण अशा घन (तिसऱ्या घाताच्या) वक्राला समांतर रेघ काढली, तर ती सर्वसाधारणपणे बेझिए वक्र राहत नाही, तिचं समीकरण दहाव्या घातापर्यंत जातं. म्हणून व्हेक्टर सॉफ्टवेअर (जे चौकटींऐवजी अशा रेषांवर चालतं) तिचे तुकडे पाडून अंदाजाने जवळ जातं. एवढं पुरे.

याच रस्त्यावर देवनागरीची खास खोड निघते. शिरोरेखेत फट दिसू नये म्हणून फॉन्ट बनवणारे प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्यावर किंचित चढवतात. फोटोशॉपचा लेयर-स्ट्रोक सगळ्या शब्दाचा एकच आकार धरतो, त्यामुळे जोड दिसत नाहीत. व्हेक्टरमध्ये किनार एकेका तुकड्याला लागते. पोस्टर करणाऱ्या मुलाने दुसऱ्या खेपेला तेच केलं. म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच तुकडे, म्हणून ‘मराठी’च्या शिरोरेखेवर चार निळे छेद. शब्दाचे पाथ (नुसत्या बाह्यरेषा) करून ते एकत्र जोडल्यावर छेद गेले. फक्त त्यानंतर कोणीतरी ‘मराठी’च्या पुढे ‘माझी’ हवं म्हणालं, आणि पाथ झालेल्या शब्दात टाइप करता येत नाही.